मदत थांबवायची, पण कशी?

२० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी परदेशांना जाणारी मदत नव्वद दिवसांसाठी गोठवण्याचा आदेश काढला. सात आठवड्यांनी, १० मार्चला, परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ यांनी यूएसएड या परदेशी मदत वाटणाऱ्या सरकारी संस्थेचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द झाल्याचं जाहीर केलं. १९६१ साली स्थापन झालेल्या या संस्थेचं काम १ जुलैला अधिकृतपणे संपलं आणि उरलंसुरलं परराष्ट्र खात्यात विलीन झालं. ब्रिटननेही त्याच फेब्रुवारीत आपली मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून २०२७पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणायचं ठरवलं. आपल्याकडे मात्र चर्चा एकाच आकड्याभोवती फिरत राहिली: भारतातलं मतदान वाढवण्यासाठी म्हणे दोन कोटी दहा लाख डॉलर आले होते. हा दावा अमेरिकी सरकारच्याच एका विभागाने केला होता. पुढे अमेरिकी दूतावासाने असा निधी दिलाच नव्हता असं भारत सरकारला कळवलं आणि सरकारने ते राज्यसभेत सांगितलंही. पण तोवर दोन तट पडून गेले होते. एकाचं म्हणणं, परकीय हस्तक्षेपाचं दुकान बंद झालं ते उत्तम झालं. दुसऱ्याचं म्हणणं, जगातल्या गरिबांचा वाली गेला. दोन्ही तटांनी एकच प्रश्न धरून ठेवला: परदेशी मदत चांगली की वाईट?

हा प्रश्न जुना आहे, आणि २०२५मध्ये तो मुद्द्याचा नव्हता. कोणत्याही देशाची आरोग्यव्यवस्था परक्या करदात्याच्या पैशावर कायमची चालू नये, हे मान्य करायला कोणाचीच हरकत असू नये. कोणत्याही देशाने दुसऱ्याला अनंतकाळ पैसे देत राहावं असंही बंधन नाही. पण आरोग्याच्या कामात ‘देणं’ आणि ‘न देणं’ एवढ्या दोनच शक्यता नसतात. सुरू करून अर्ध्यावर तोडणं ही तिसरी शक्यता असते, आणि काही रोगांत ती कधीच न देण्यापेक्षाही घातक ठरते. माझा आक्षेप मदत कमी करण्याला नाही. ती ज्या पद्धतीने तोडली गेली त्या पद्धतीला आहे. ही पद्धत म्हणजे तपशिलाची किरकोळ बाब असल्यासारखं दोन्ही तट वागतात, याचा खेद जास्त आहे.

मदत कशावर खर्च होते त्यावर ती कशी थांबवता येईल हे ठरतं. देवीचं उदाहरण घ्या. १९६७मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मोहीम तीव्र केली तेव्हा जगात दरवर्षी एक ते दीड कोटी लोकांना देवी येत होत्या. गोठवून वाळवलेली लस उष्णतेत टिकायची. दोन टोकांची सुई लशीत बुडवून दंडावर पंधरा वेळा टोचली की काम व्हायचं आणि लसही पूर्वीच्या चौथाईच लागायची. शीतयुद्ध भरात असताना सोव्हिएत संघाने लस दिली आणि अमेरिकेने माणसं व पैसा. १९७७मध्ये सोमालियात शेवटचा नैसर्गिक रुग्ण सापडला, १९८०मध्ये रोग संपल्याची घोषणा झाली, आणि मदतीची गरजच उरली नाही. बांगलादेशातल्या ब्रॅक या संस्थेच्या जलसंजीवनी मोहिमेची गोष्टही अशीच आहे. १९८० ते १९९० या काळात तिच्या कार्यकर्त्या सव्वा कोटीच्या आसपास घरांत गेल्या आणि अर्धा शेर पाणी, तीन बोटांत मावेल एवढं मीठ आणि मूठभर गूळ हे प्रमाण त्यांनी आयांच्या हातून करवून घेतलं. काही आठवड्यांनी तपासनीस जाऊन आईला किती आठवतं ते बघायचे आणि त्यावर कार्यकर्तीचा पगार ठरायचा. पैसा बराचसा परदेशी होता. तो संपला, पण प्रमाण घरात राहिलं. ज्ञानावर खर्च केलेली मदत अशी थांबवता येते. लशीचं तसं नाही, कारण दरवर्षी नवी मुलं जन्माला येतात. कीटकनाशकभारित मच्छरदाणी सुमारे तीन वर्षं टिकते, म्हणजे दर तीन वर्षांनी वाटप आलंच. क्षयरोगाचं औषध सहसा सहा महिने न चुकता घ्यावं लागतं. एचआयव्हीची गोळी रोज, जन्मभर. या सगळ्यांना एकाच सहीने, एकाच तारखेला थांबवणं म्हणजे रोगांची प्रकृती ठाऊक नसल्याची कबुलीच.

अर्ध्यावर तोडल्याने काय होतं हे शोधायला संगणकी अंदाजांची गरज नाही. इतिहासात ते घडून गेलेलं आहे. १९५५मध्ये हिवतापाच्या जागतिक निर्मूलनाची घोषणा झाली. पैसा मुख्यतः अमेरिकेचा, हत्यार डीडीटी. डास चावल्यावर जड होऊन भिंतीवर बसतो, म्हणून घरांच्या आतल्या भिंती ठरावीक अंतराने फवारायच्या. तीन-चार वर्षं हे नेटाने केलं की माणसांच्या शरीरातला परजीवी संपत येतो. मग फवारणी थांबवून घरोघर ताप शोधायचा आणि रक्ताचे नमुने तपासायचे. कागदावर आराखडा निर्दोष होता. श्रीलंकेत १९६३ साली वर्षभरात अवघे सतरा रुग्ण नोंदले गेले. फवारणी थांबली, सर्वेक्षण सैलावलं, आणि १९६९पर्यंत रुग्णांची संख्या पाच लाखांवर गेली. भारतात स्वातंत्र्याच्या सुमारास दरसाल साडेसात कोटी रुग्ण असतील असा अंदाज होता. १९५८च्या निर्मूलन कार्यक्रमानंतर १९६५मध्ये ही संख्या लाखाच्या आसपास आली. १९७६मध्ये ती चौसष्ट लाखांवर होती. कारणं अनेक होती: डासांनी डीडीटी पचवलं, कीटकनाशक वेळेवर पोचेना, काचपट्ट्या तपासायला तंत्रज्ञ नव्हते. पण मुळात घोडचूक हस्तांतराची होती. दर पंधरवड्याला दारात येणारा हिवताप कर्मचारी काढून घेतला तेव्हा त्याचं काम उचलायला प्राथमिक आरोग्य केंद्रांची व्यवस्था तयारच नव्हती, आणि परदेशी पैशाचा उत्साह विजय दिसू लागताच ओसरला. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने १९३०च्या दशकापासून ६१ देशांत हिवताप उलटून आल्याच्या ७५ घटना तपासल्या. त्यांतल्या ६८ घटनांत नियंत्रणाचा कार्यक्रम ढिला पडणं हे कारण निघालं, आणि कार्यक्रम ढिला पडण्याचं सर्वांत मोठं कारण पैशाची चणचण.

हिवताप उलटून येतो तेव्हा तो पूर्वीइतकाच येतो, असंही नाही. जिथे तो सतत असतो तिथे वारंवार लागण झालेल्या मोठ्या माणसांच्या शरीरात थोडी प्रतिकारशक्ती तयार झालेली असते. आठ-दहा वर्षं रोग दाबून ठेवला की ती ओसरते, आणि त्या काळात जन्मलेल्या मुलांकडे तर ती नसतेच. मादागास्करच्या पठारी भागात १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात हेच झालं. नियंत्रण सुटल्यावर आलेल्या साथीत मुलांबरोबर मोठी माणसंही हजारोंनी दगावली. आज सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडल्या साहेलच्या पट्ट्यात पावसाळ्याच्या चार-पाच महिन्यांत पाच वर्षांखालच्या मुलांना दर महिन्याला तीन दिवस प्रतिबंधक गोळ्या दिल्या जातात. एक पावसाळा चुकला तर चालेल, पुढच्या वर्षी बघू, असं म्हणण्याची सोय या कार्यक्रमात नाही.

एचआयव्हीची गोष्ट आणखी स्पष्ट आहे, कारण तिथे औषध मध्येच थांबवल्याचा प्रयोग रीतसर झालेला आहे. ‘स्मार्ट’ नावाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ३३ देशांतले ५,४७२ रुग्ण होते. निम्म्यांनी औषध सलग घेतलं. उरलेल्यांचं औषध प्रतिकारपेशींची संख्या चांगली असताना थांबवलं आणि ती घसरली की पुन्हा सुरू केलं, तेही डॉक्टरांच्या नजरेखाली. औषध थांबवलेल्या गटात मृत्यू किंवा प्रतिकारशक्ती ढासळल्यावर गाठणाऱ्या गंभीर (संधिसाधू) आजाराचा धोका अडीच पटींहून जास्त निघाला आणि २००६मध्ये चाचणी मुदतीआधीच गुंडाळावी लागली. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ही अवस्था, तर मोझांबिकच्या खेड्यात दवाखान्याचं दार बंद दिसलं म्हणून परत फिरलेल्या बाईचं काय? गोळी बंद झाली की काही आठवड्यांत रक्तातले विषाणू पुन्हा वाढतात. ती गरोदर असेल तर उपचारांविना बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. उपचार चालू असतील तर ती पाच टक्क्यांच्या खाली राहते. जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी २००३मध्ये सुरू केलेल्या पेपफार या कार्यक्रमाच्या आधाराने दोन कोटींहून अधिक माणसं औषधावर होती. जीवरक्षक कामांना सूट दिल्याचं जानेवारीच्या अखेरीस जाहीर झालं खरं. पण पैसे अदा करणारी यंत्रणाच ठप्प होती आणि कंत्राटी नर्स, समुपदेशक, रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत नेणारे मोटारसायकलस्वार घरी बसवलेले होते. गोदामात गोळ्या असून उपयोग काय, जर त्या हातात ठेवणारं माणूस नसेल?

आता मदतीच्या विरोधकांचे मुद्दे, आणि ते हलके नाहीत. पहिला राजकारणाचा. मदत देणारा हात स्वार्थी असतो हे भारताइतकं कोणाला ठाऊक आहे? १९६५ ते ६७च्या दुष्काळी वर्षांत पीएल-४८० या अमेरिकी अन्नमदत योजनेतला गहू अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी महिन्याच्या हिशेबाने मोजून मोजून सोडला. आपलं शेतीधोरण आणि व्हिएतनामबद्दलची आपली भूमिका, दोन्ही त्या गव्हाला बांधली गेली होती. पाकिस्तानात तर याहून वाईट घडलं. ओसामा बिन लादेनचा ठावठिकाणा पक्का करण्यासाठी सीआयएने २०११मध्ये अबोटाबादेत कावीळ-बच्या लसीकरणाचा बनाव रचला. ते उघड झाल्यावर पोलिओचे डोस देणाऱ्या बायका हेर ठरल्या, आणि डिसेंबर २०१२पासून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या जाऊ लागल्या. लशीच्या पेटीत हेरगिरी लपवणं हा अक्षम्य गुन्हा होता आणि अमेरिकेने पुढे २०१४मध्ये असं पुन्हा न करण्याची ग्वाही दिली, तीही उशिराच. हा मुद्दा पूर्ण मान्य. पण त्यातून निष्कर्ष काय निघतो? मदत देणाऱ्याच्या लहरीवर अवलंबून राहणं धोक्याचं आहे, हाच ना? मग एका रात्रीत मदत तोडणं हे त्या लहरीचंच सर्वांत मोठं प्रदर्शन आहे. जॉन्सन यांच्या गव्हाच्या राजकारणावर ज्यांना संताप येतो, त्यांना २०२५चा आदेश स्वाभिमानाचा विजय कसा वाटू शकतो?

दुसरा मुद्दा उधळपट्टीचा. यूएसएडच्या निधीतला जेमतेम दहा टक्के भाग थेट स्थानिक संस्थांना जायचा, हे तिचेच अहवाल सांगतात. उरलेला बराचसा वॉशिंग्टनच्या आसपासच्या मोठ्या कंत्राटदारांमार्फत फिरायचा. सल्लागारांची विमानं, हॉटेलं, अहवालांवर अहवाल. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. त्याहून गंभीर म्हणजे समांतर व्यवस्था. एकाच दवाखान्यात एचआयव्हीचं गोदाम वेगळं, हिवतापाचं रजिस्टर वेगळं आणि देणगीदाराच्या नर्सचा पगार सरकारी नर्सच्या कितीतरी पट. चांगली माणसं तिकडे ओढली जातात, बाळंतपणाच्या खोलीत मात्र कोणी नसतं. आणि सरकारांना सवय लागते. आफ्रिकी राष्ट्रप्रमुखांनी २००१मध्ये अबुजा इथे अंदाजपत्रकाचा पंधरा टक्के हिस्सा आरोग्यावर खर्च करण्याचं वचन दिलं. ते पाळणारे देश मोजकेच. परक्याच्या पैशाने औषधं येत असतील तर अर्थमंत्री तो पैसा दुसरीकडे वळवणारच.

हे सगळं खरं आहे, आणि म्हणूनच सावकाश हस्तांतराची गरज आहे. समांतर व्यवस्था उभी करून दहा-वीस वर्षं पोसली असेल, तर ती एका दिवसात काढून घेतल्यावर तिच्याखाली सरकारी व्यवस्था आपोआप सापडणार नाही. ती तिथे नाहीच, हीच तर तक्रार होती! फेब्रुवारी २०२५मध्ये नायजेरियाच्या संसदेने आरोग्यासाठी सुमारे वीस कोटी डॉलरची वाढीव तरतूद केली. धक्का बसल्याशिवाय सरकारं जागी होत नाहीत, या म्हणण्याचा पुरावा म्हणून तिचा दाखला दिला जातो. पण नायजेरियाकडे तेल आहे. मलावीकडे काय आहे? संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेच्या हिशेबाने जगातले तीनशे तीस कोटींहून अधिक लोक अशा देशांत राहतात, जिथे सरकार शिक्षणावर किंवा आरोग्यावर करतं त्यापेक्षा जास्त खर्च कर्जाच्या व्याजावर करतं. त्यांना शिस्त लावायची असेल तर आधी मुदत द्यावी लागेल.

तिसरा मुद्दा अर्थशास्त्रज्ञांचा आणि सर्वांत वजनदार. गरिबी मदतीने हटत नाही, वाढीने हटते. चीनने, व्हिएतनामने, बऱ्याच अंशी भारतानेही कोट्यवधी लोकांना दारिद्र्यातून वर काढलं ते शेती, कारखाने, व्यापार आणि रस्त्यांच्या बळावर. परदेशी अनुदानांचा त्यातला वाटा नगण्य होता. हे मी निःसंकोच मान्य करतो. मदतीने राष्ट्रं श्रीमंत होतील असं सांगणाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हुकूमशहा मोबुटूच्या झाईरसारख्या (आताचा काँगो) राजवटींत पैसा ओतला, आणि त्याचे राजवाडे झाले. पण आरोग्य आणि उत्पन्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या नेहमी एकत्र चालत नाहीत. १९९०मध्ये बांगलादेशातला बालमृत्युदर भारतापेक्षा जास्त होता. २०१०पर्यंत तो भारतापेक्षा कमी झाला, तोही दरडोई उत्पन्न भारताहून कमी असताना. जलसंजीवनी, लसीकरण आणि कुटुंबनियोजन घरोघर नेल्याचा तो परिणाम होता. जगभरात १९९०मध्ये सव्वा कोटीच्या वर मुलं पाच वर्षांची होण्याआधी मरत होती. आता ही संख्या पन्नास लाखांच्या खाली आली आहे. वाढीची वाट बघायला दोन पिढ्या लागतात. गोवराला दोन आठवडे पुरतात.

याच मुद्द्याचं एक लोकप्रिय रूप म्हणजे मच्छरदाणीचा कारागीर. आफ्रिकेतल्या एका गावात तो दाण्या विकून दहा जणांना पोसत असतो, परदेशातून फुकट दाण्यांचा ट्रक येतो आणि त्याचा धंदा बसतो. उदाहरण पटकन पटतं, पण ते तपासलेलं बरं. साध्या जाळीत आणि धाग्यातच पायरेथ्रॉइड हे कीटकनाशक मुरवलेल्या जाळीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरी बनवायला रसायनशास्त्र लागतं. अशा दाण्या टांझानियातल्या अरुशा इथल्या कारखान्यात बनू लागल्या, जपानी कंपनीने तंत्र दिलं, मागणी देणगीदारांनी पुरवली, आणि हजारो स्थानिक कामगारांना रोजगार मिळाला. फुकट मिळालेली दाणी लोक वापरत नाहीत हा दावाही केनियातल्या एका प्रयोगात तपासला गेला आहे. गरोदर स्त्रियांकडून अर्धा-पाऊण डॉलर घेतल्याबरोबर दाणी नेणाऱ्यांचं प्रमाण सुमारे साठ टक्क्यांनी घसरलं. नेल्यानंतर वापरण्याचं प्रमाण मात्र फुकटवाल्या आणि पैसेवाल्या बायकांत सारखंच होतं. या दाण्यांनी कुठे मासे पकडले जातात हेही खरं, आणि डास पायरेथ्रॉइडला दाद देईनासे झाले म्हणून आता दोन रसायनांच्या दाण्या वापराव्या लागतात हेही खरं. तरीही २००० ते २०१५ या काळात आफ्रिकेत हिवतापाचे जे रुग्ण टळले, त्यांतले दोनतृतीयांश टळले ते दाण्यांमुळे.

मग मदत नीट थांबवता येते का? येते, आणि त्याची दोन उदाहरणं आपल्याच देशातली आहेत. ब्रिटनने भारताला दिली जाणारी अनुदानं बंद करण्याचं नोव्हेंबर २०१२मध्ये जाहीर केलं, तारीख दिली २०१५ची, आणि चालू प्रकल्प पूर्ण केले. कोणी मेलं नाही, कोणाचा अपमान झाला नाही. दुसरं उदाहरण जास्त शिकवणारं आहे. गेट्स फाउंडेशनने २००३मध्ये महाराष्ट्रासह सहा राज्यांत ‘आवाहन’ हा एचआयव्ही प्रतिबंधाचा कार्यक्रम सुरू केला. शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रिया, समलिंगी पुरुष, तृतीयपंथी आणि इंजेक्शनने नशा करणारे यांच्यापर्यंत पोचणं हे त्याचं काम. तो सरकारकडे सोपवायचा हे सुरुवातीपासून ठरलेलं होतं. हस्तांतर तीन टप्प्यांत झालं: २००९मध्ये एक छोटी तुकडी, २०११मध्ये थोडी मोठी आणि २०१२मध्ये उरलेला बहुतांश भाग. त्याआधी आवाहनच्या प्रकल्पांचा दरडोई खर्च नॅको या सरकारी एड्स नियंत्रण संस्थेच्या दरांना जुळवून खाली आणला गेला, नोंदींचे नमुने सरकारी पद्धतीचे केले गेले, आणि हस्तांतरानंतरही काही काळ मदतीला माणसं ठेवली गेली. एवढं करूनही अडचणी आल्याच. सरकारी हप्ते महिनोन्महिने अडकले, कंडोमचा साठा संपला, दवाखान्यांचा लवचिक खर्च गेला. पहिल्या छोट्या तुकडीत हे दिसलं म्हणून पुढच्या टप्प्यांआधी काही दुरुस्त्या करता आल्या. तीन-चार वर्षं तयारी करून, भारतासारख्या पैसा आणि प्रशासन असलेल्या देशात जर हप्ते अडकत असतील, तर नव्वद दिवसांत लेसोथोने काय करायचं?

गावी या लस-आघाडीने तर माघारीचं गणितच लिहून ठेवलं आहे. अतिगरीब देश लशीच्या प्रत्येक डोसमागे वीस सेंट भरतो. उत्पन्न वाढलं की त्याचा हिस्सा दरवर्षी पंधरा टक्क्यांनी वाढत जातो. ठरावीक उत्पन्न ओलांडलं की आठ वर्षांत तो पूर्ण खर्चावर येतो. इंडोनेशिया या वाटेने बाहेर पडला. ही वाट संथ आहे, कधी एखादा देश हप्ता चुकवतो, पण आरोग्यमंत्र्याला पुढच्या सहा वर्षांचा आकडा आधीच ठाऊक असतो. अमेरिकेने जून २०२५मध्ये गावीचाही निधी थांबवण्याची घोषणा केली.

या व्यवहारात पुणे आणि मुंबई प्रेक्षक नाहीत. २००१च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्लाने एचआयव्हीच्या तीन औषधांचा वर्षभराचा उपचार साडेतीनशे डॉलरला देऊ केला, तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांचा दर दहा हजार डॉलरच्या वर होता. १९७०च्या भारतीय पेटंट कायद्याने औषधांबाबत केवळ बनवण्याच्या प्रक्रियेला पेटंट दिल्यामुळे ते शक्य झालं. आज तसा उपचार चाळीस डॉलरच्या आसपास पडतो. पण सिप्लाच्या त्या दराला अर्थ आला तो पेपफार आणि ग्लोबल फंडसारखे घाऊक गिऱ्हाईक उभे राहिल्यामुळे. मेंदूज्वराच्या लशीचंही तेच. १९९६-९७च्या साथीत आफ्रिकेत सुमारे अडीच लाख रुग्ण आणि पंचवीस हजार मृत्यू झाले. तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी सांगितलं की डोसमागे पन्नास सेंटपेक्षा जास्त परवडणार नाही. मोठ्या कंपन्यांनी पाठ फिरवली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडून मिळालेल्या तंत्रावर त्या किमतीत लस बनवली, डिसेंबर २०१०मध्ये ती बुर्किना फासोत पोचली आणि अ-गटाचा मेंदूज्वर आफ्रिकेच्या साथग्रस्त पट्ट्यातून जवळजवळ नाहीसा झाला. कारखाना, तंत्र आणि खरेदीची हमी, तिन्ही एकत्र आल्यावर हे घडलं. खरेदीदार अचानक उठून गेला तर स्वस्त औषधाचा कारखाना आधी बंद पडतो, महागड्या औषधाचा नाही, कारण स्वस्ताईचं सगळं गणित घाऊक मागणीवर उभं असतं.

मदतीच्या समर्थकांनीही वाद धड चालवलेला नाही. जुलै २०२५मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अंदाजानुसार या कपातीमुळे २०३०पर्यंत एक कोटी चाळीस लाख जास्तीचे मृत्यू होऊ शकतात. हा आकडा प्रेतं मोजून आल्यासारखा वापरला जातो. तो गणिती प्रतिमानाचा आहे. कपात तशीच राहील आणि रिकामी जागा कोणी भरणार नाही, हे त्यात गृहीत आहे. असे आकडे घोषणेसारखे फेकले की विरोधकांना ते झटकणं सोपं जातं. त्यापेक्षा एक साधी, निर्विवाद गोष्ट जोराने सांगायला हवी होती. १९८४पासून नव्वदहून अधिक देशांत घरोघर जाऊन बालमृत्यू, लसीकरण आणि कुपोषण मोजणारी लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणं यूएसएडच्या पैशावर चालत. फेब्रुवारी २०२५मध्ये ती थांबली. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेमार्फत होणारं आपलं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण याच घराण्यातलं. आपल्याला ते स्वतः चालवता येतं, चाड किंवा गिनीला येत नाही. म्हणजे औषध थांबलं आणि किती मेले ते मोजणारी वहीही मिटली.

सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने जागतिक आरोग्याचं नवं धोरण मांडलं. औषधं आणि दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांचा खर्च तूर्त चालू ठेवायचा, प्रत्येक देशाशी करार करायचा आणि काही वर्षांत भार त्या देशाकडे सोपवायचा, असं त्यात म्हटलं आहे. सल्लागारांवरचा खर्च आधी कापायचा आणि गोळ्यांवरचा सर्वांत शेवटी, हा क्रम योग्यच आहे. मग हाच क्रम जानेवारीत का नव्हता? आठ महिन्यांच्या मोडतोडीनंतर तोच मार्ग धरावा लागला, यातच टप्प्याटप्प्याने जाण्याची गरज मान्य झाली. दरम्यान दुबईच्या गोदामात सुमारे पाचशे टन पौष्टिक बिस्किटं मुदत संपल्यामुळे जाळून टाकावी लागली. ती आधीच विकत घेतलेली होती. वाटायला कोणी सही केली नाही, एवढंच कारण. या जळणाने कोणत्या करदात्याचा पैसा वाचला?

यापुढच्या करारांत काही गोष्टी पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत लिहिल्या गेल्या पाहिजेत. निधी थांबवायचा असेल तर किमान दोन अंदाजपत्रकांची पूर्वसूचना. तोवर स्थिर रुग्णांना सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम. मध्यवर्ती गोदामात काही महिन्यांचा राखीव साठा, कारण मागणी नोंदवण्यापासून जहाज, कस्टम, राजधानी, जिल्हा आणि शेवटी दवाखाना हा प्रवास बरेच महिने खातो. आणि परिचारिकांचे पगार पहिल्या दिवसापासून सरकारी श्रेणीत, म्हणजे उद्या भार उचलताना सरकारचं कंबरडं मोडणार नाही. याची पहिली परीक्षा जवळच आहे. वर्षातून दोनदा टोचायचं, एचआयव्हीची लागण रोखणारं लेनाकापाविर हे औषध हैदराबादच्या हेटेरो आणि डॉ. रेड्डीज या दोन कंपन्या २०२७पासून वर्षाला सुमारे चाळीस डॉलरला देणार आहेत, १२० देशांसाठी. ते टोचून घेणाऱ्याला मध्येच सोडलं तर औषध शरीरातून हळूहळू उतरतं, आणि त्या काळात लागण झाली तर विषाणू औषधाला सरावण्याचा धोका असतो. म्हणजे इथेही प्रश्न सुरू करण्याइतकाच न तोडण्याचा आहे. खरेदी कोण करणार, किती वर्षांसाठी, आणि थांबायचं ठरलं तर किती महिने आधी कळवणार, हे दिल्लीने खरेदीदारांना आत्ताच लेखी विचारायला हवं. औषध आपल्या कारखान्यात बनणार आहे, त्यामुळे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.